मावशींना तिसऱ्यांदा विचारा

अमेरिकेतली लोकशाही कोण चालवतं, असं मला कोणी विचारलंच, तर मी कुठल्याही मोठ्या पुढाऱ्याचं नाव घेणार नाही. मी सरळ सांगेन, माझ्या बायकोची मावशी चालवते. बॉथेल नावाच्या गावात राहून, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून, नवऱ्याचा पिवळा रेनकोट घालून चालवते. बाकीचे लोक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, सिनेटर वगैरे, टीव्हीवर दिसतात आणि हात हलवतात. आवश्यक आहे तेही. पण ज्या दिवशी मावशींचा गुडघा कायमचा बसेल, त्या दिवशी हा देश निदान आमच्या काउंटीपुरता, म्हणजे जिल्ह्यापुरता, तरी बंद पडेल अशी माझी खात्री आहे.

पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. त्याचं कारण असं की मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, बरोबर विरुद्ध पक्षाचे आहेत आणि मला दोन्ही पक्षांच्या घरी जेवायचं असतं. ती दोन्ही घरं एकच आहेत, हा भाग वेगळा. निवडणूक आली की त्यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर मधोमध एक न दिसणारी रेघ ओढली जाते. रेघेच्या डावीकडे मावशींच्या उमेदवारांच्या पाट्या, उजवीकडे काकांच्या. एका वर्षी काकांनी गवत कापताना फक्त स्वतःची बाजू कापली. मावशींच्या पाट्या गवतात बुडायला लागल्या. मावशींनी फक्त आठवडाभर काकांच्या बाजूच्या पोळ्यांना तूप लावलं नाही. पुढच्या शनिवारी अख्खी हिरवळ एकसारखी कापलेली होती. दोन पक्षांनी एकत्र कसं नांदावं यावर इथे मोठमोठे लोक लेख लिहितात. त्यांनी एकदा त्या घरी जेवून जावं.

मावशींचं पद तसं अगदी छोटं. मतदानासाठी आमच्या काउंटीचे बारीक बारीक तुकडे केलेले आहेत. अशा एका तुकड्याला प्रिसिंक्ट म्हणतात, आणि त्यातल्या दारोदार फिरून लोकांना मतं द्यायला लावणारा पक्षाचा एक माणूस असतो. पगार नाही, भत्ता नाही, वर पाऊस आणि आत कुत्री. या पदासाठी भांडणं होत नाहीत. मावशी कधीपासून तिथे आहेत ते पक्षालाही नीट आठवत नाही. त्याआधी त्या बॉथेलच्याच एका औषधांच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करायच्या, आणि तिथलं सगळं शहाणपण त्यांनी राजकारणात आणलं आहे. "उंदराला घाई केली की तो चावतो. मतदाराचंही तसंच. आधी हाताचा वास घेऊ द्यायचा," असं त्या नव्या कार्यकर्त्यांना सांगतात. मतदारांची नावं त्या विसरतात, कुत्र्यांची कधीच नाही. कुणाच्या कुत्रीचं पोट बिघडलं होतं हे आठवून विचारल्यावर मालकाला मत न देणं जड जातं.

आता इथे दारोदार कॅमेरे आले आहेत. घंटा दाबली की घरमालक दार उघडत नाही, फोनवर बघतो. बाकीचे कार्यकर्ते या गोष्टीने खचून गेले. मावशी खुश झाल्या. त्या कॅमेऱ्याला आधी हात जोडतात, मग रेनकोटची टोपी मागे करतात, केस सारखे करतात आणि भाषण सुरू करतात. एकदा त्यांनी एका बंद घराला शाळांच्या करापासून नदीतल्या माशांपर्यंत सगळं समजावून सांगितलं. ते कुटुंब त्या वेळी हवाईला समुद्रकिनाऱ्यावर पडलेलं होतं. नवऱ्याने फोन वाळूत उभा करून बायकोला म्हटलं म्हणे, ही बाई आपल्या ओसरीवर भिजतेय आणि आपण इथे ऊन खातोय. परत आल्या आल्या दोघांनी मतं टाकली. मावशींनी त्यांना रानातल्या ब्लॅकबेरीचा मुरंबा नेऊन दिला. तो ते कशाशी खातात कोण जाणे, पण बरणी धुऊन परत येते.

मी या सगळ्यात कसा अडकलो, तेही सांगायला हवं. मी मुळात उगीचच अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. मागून पोलिसांची गाडी आली की मी काही केलेलं नसताना माफी मागायच्या तयारीत असतो. रेडमंडला ऑफिसात कुणाचा प्रोग्रॅम बंद पडला की मला वाटतं, आपण तिकडे बघितल्यामुळे पडला. अशा माणसाने मावशींपासून दूर राहावं. नागरिकत्व मिळाल्याचे पेढे मी त्यांच्या हातावर ठेवले, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, आता काही काम नाही ना शनिवारी?" पुढच्या शनिवारी त्यांची गाडी दिसताच मी दिवा घालवून सोफ्यामागे आडवा झालो. खिडकी उघडी होती. बाहेरून शांत आवाज आला, "पडा थोडा वेळ. मी थांबते. छत्री आहे माझ्याकडे." त्या छत्रीवरच्या पावसाचा आवाज मी फार तर दोन मिनिटं सहन केला असेल. तेव्हापासून मी पक्षात आहे.

मावशींना सभेचे नियम तोंडपाठ आहेत. प्रस्ताव, अनुमोदन, दुरुस्ती, दुरुस्तीची दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, सगळं. त्यांच्या घरी रविवारी कुठली भाजी करायची हेसुद्धा प्रस्ताव मांडून ठरतं आणि काकांचा विरोध नोंदवून घेतला जातो. इथल्या आमच्या मराठी मंडळाची एकदा बैठक होती, गणपतीला मोदक घरी करायचे की मागवायचे यावर. तासभर चर्चा होऊन मत घ्यायची वेळ आली आणि मावशी उभ्या राहिल्या. "हरकतीचा मुद्दा आहे. गणसंख्या पुरी नाही. दोघं जण पार्किंगमध्ये फोनवर बोलतायत." सभा तहकूब झाली. त्या वर्षी गणपतीला पेढे दाखवले. देवानेही कुरकुर केली नाही. नियम म्हणजे नियम.

एवढ्या नियमांच्या बाईंचा एक नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. त्या कुठलीही गोष्ट पहिल्यांदा विचारल्यावर घेत नाहीत. चहा घेणार का? नको हो, आत्ताच घेतला. अर्धा कप? छे, कशाला उगीच. अहो घ्या थोडा. बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा बरं. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे चालून जातं, कारण विचारणाऱ्यालाही हा हिशेब माहीत असतो. पण मावशी हाच हिशेब अमेरिकेतल्या दारांत लावतात. उन्हाळ्यात कुणी पाणी विचारलं तर त्या हसून नको म्हणतात, समोरचा बरं म्हणून दार लावतो, आणि मावशी कोरड्या घशाने पुढच्या घरी जातात. "एकदाच विचारतात बघा," असं घरी येऊन म्हणतात आणि नळाखाली तांब्या धरतात.

आमच्या भागाचे पक्षप्रमुख हे एक धिप्पाड, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आहेत. सगळी हयात त्यांनी फेरीबोटींवर काढली. बोटीच्या तळाशी इंजिनाजवळ ते काम करायचे, पण मावशींनी त्यांना परस्पर बढती देऊन टाकली आहे. त्या त्यांना कप्तान म्हणतात. इंजिनाशेजारी बोलायची सवय असल्यामुळे कप्तान कानातही ओरडूनच सांगतात. एकदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला ते स्वतःच्या हाताने केलेला भोपळ्याचा पाय घेऊन मावशींकडे आले. तो पाय म्हणजे आपल्या गोड सांज्याच्या पोळीचा जाडजूड परदेशी भाऊ. मावशी दारातच म्हणाल्या, "अरे, हे कशाला? नको, नको." कप्तान म्हणाले, "ओके," आणि पाय घेऊन घरी गेले.

मावशी दारात तशाच उभ्या. मागे टेबलावर त्या पायसाठी ताटली मांडून ठेवलेली होती.

महिनाभर त्या कप्तानांशी फक्त प्रस्तावांपुरतं बोलत होत्या. शेवटी काकांनी कप्तानांना बाजूला घेऊन आमच्याकडचा रिवाज समजावला. मीही तिथे होतो. काका म्हणाले, "हे बघ, हिने मला लग्नालासुद्धा दोनदा नाही सांगितलं. आमच्या घरचे म्हणाले, दुसरी बघू. मी तिसऱ्यांदा निरोप पाठवला म्हणून आज इथे उभा आहे." कप्तानांनी दाढी कुरवाळत बराच विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे पायबद्दल ती हो म्हणत होती?" पुढच्या रविवारी ते पुन्हा पाय घेऊन आले आणि मावशींनी तोंड उघडायच्या आत सलग तीनदा विचारून मोकळे झाले. मावशींची पंचाईत झाली, नको म्हणायला जागाच उरली नव्हती. पण पाय घेतला, आणि अबोला सुटला.

तर अशा मावशींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कुणाजवळ मागितली नव्हती. त्यांना पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून जायचं होतं. दर चार वर्षांनी कुठल्या तरी मोठ्या शहरात ते भरतं. देशभरातून निवडून आलेले डेलिगेट आपापल्या राज्याच्या नावाची पाटी लावलेल्या काठीखाली चित्रविचित्र टोप्या घालून बसतात, उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात, वरून फुगे पडतात. मावशी इथे आल्यापासून दरवेळी हे टीव्हीवर पाहत आल्या. भाषणांकडे त्यांचं लक्ष नसे, खुर्च्यांकडे असे. कारण एकदाच त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. त्या लहान असताना चाळीसगावला एका पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. घरातल्या सगळ्या बायका मांडवामागे पुऱ्या लाटायला. मध्ये कनात. कनातीपलीकडून टाळ्या ऐकू यायच्या, घोषणा ऐकू यायच्या, आणि प्रत्येक टाळीला मावशी विचारायच्या, काय झालं, काय म्हणाले? आई म्हणायची, पुरी बघ, करपतेय. तीन दिवसांचं अधिवेशन त्यांनी असं पुऱ्यांच्या धुरातून ऐकलं. "एकदा कनातीच्या त्या बाजूला बसायचंय गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

गेल्या निवडणुकीच्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फार जिने नकोत. चार वर्षांनी काय होईल ते कुणाला सांगता येणार. आम्हा सगळ्यांना न बोलता कळलं की ही खेप शेवटची. काउंटीच्या अधिवेशनात आमच्या वाट्याचे डेलिगेट निवडले जाणार होते. तिथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मी सांगत बसत नाही. मावशींना विचारा, त्या बोर्डावर काढून दाखवतात. मुद्दा एवढाच की स्वतःचं नाव आधी देऊन ठेवता येतं किंवा सभेत कुणीतरी उठून सुचवावं लागतं. मावशींनी नाव द्यायला साफ नकार दिला. "आपणच आपलं नाव द्यायचं? बरं दिसतं का ते?" असं म्हणाल्या. मग बशीतला लाडू माझ्याकडे सरकवत, "तुमचा आवाज माइकवर छान लागतो, जावईबापू," असंही म्हणाल्या. पुढचं मला समजलं.

नाव सुचवल्यावर प्रत्येकाला एक मिनिट बोलता येतं. त्या मिनिटाची तयारी मावशींनी आमच्या स्वयंपाकघरात केली. घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. त्या कपात पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या, एक मिनिट लावायच्या आणि बोलायला लागायच्या. टिंग वाजलं की भाषण संपलं पाहिजे. पहिल्या दिवशी टिंग वाजलं तेव्हा त्या बॉथेलच्या सांडपाण्यापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. मग काटछाट. पुन्हा पाणी, पुन्हा टिंग. गरम झालेलं पाणी वाया कसं घालवायचं, म्हणून प्रत्येक सरावानंतर चहा व्हायचा. त्या वसंतात आमच्या घरी इतका चहा झाला की माझी मुलगी म्हणाली, "बाबा, कॅन शी प्लीज प्रॅक्टिस विथ सूप?" टोपीही तयार होती. गवताची हॅट, त्यावर हिरव्या खणाचं कापड, काठाला लाल पट्टी आणि आजवरच्या निवडणुकांचे बिल्ले. काका विरोधी पक्षाचे असूनही त्यांनी दोन रात्री बसून बिल्ले शिवून दिले. सुई त्यांचीच चालते त्या घरात.

अधिवेशन एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत होतं. बास्केटबॉलच्या जाळ्या वर गुंडाळलेल्या, खाली घडीच्या खुर्च्या, ओल्या जॅकेटांचा वास आणि कोपऱ्यात कॉफी. मी इतका हरखून गेलो होतो की मी चुकून दोनदा हजेरी लावली आणि नंतर जाऊन क्षमा मागून एक खोडवली. मावशी हॅट घालून दुसऱ्या रांगेत ताठ बसल्या होत्या. डोनट वाटणाऱ्या बाई आल्या. "नको, नको," मावशी म्हणाल्या. बाई पुढे गेल्या. त्या डोनटकडे मावशींनी टाकलेला कटाक्ष मी पाहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

व्यासपीठावर काउंटीच्या अध्यक्ष होत्या, एक तरुण वकीलबाई, हातात लाकडी हातोडा, चेहऱ्यावर घाई. नावं सुचवायची वेळ झाली. मी माइकपाशी गेलो. मावशींचं नाव घेतलं, आणि असा कडकडाट झाला की माझाच विश्वास बसेना. सगळे कुत्र्यांचे मालक आले असावेत. अध्यक्षबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला मान्य आहे?"

मावशी उभ्या राहिल्या. लाजल्या. हात हलवत म्हणाल्या, "नो, नो, प्लीज. इतकी तरुण मुलं आहेत. मी कशाला?"

"थँक यू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उमेदवाराने नकार दिला आहे. पुढचं नाव?" आणि हातोडा आपटला.

मावशी तशाच उभ्या होत्या. चेहऱ्यावर ते मंद हसू, जे मी आमच्या दिवाणखान्यात चहाच्या वेळी हजारदा पाहिलं आहे. त्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होत्या. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्यामागचं सगळं हळूहळू निघून गेलं. सभेचा प्रत्येक नियम पाठ असलेल्या बाईंना स्वतःच्या तोंडून काय गेलं ते कळलं होतं.

माझ्या मागे रांग ढकलत होती. मी माइक सोडला नाही. असं मी आयुष्यात कधी केलेलं नाही. म्हणालो, "हरकतीचा मुद्दा. यांना पुन्हा विचारा."

"का?"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणालो, "त्या नाही म्हणाल्या, पण त्याचा अर्थ हो असा आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "सर, या सभागृहात एखादी स्त्री नाही म्हणाली, तर त्याचा अर्थ नाही असाच होतो."

सगळी व्यायामशाळा टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या. बोलणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्या क्षणी सबंध काउंटीत माझ्याइतका नालायक पुरुष नव्हता. तरी बाई भल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मावशींकडे वळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच नको आहे?"

मी मनातल्या मनात मावशींना हात जोडले. पण ही दुसरी वेळ होती. आणि दुसऱ्या वेळी काय म्हणायचं ते त्यांच्या हाडांत बसलेलं होतं. "जाऊ द्या हो," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. "तो माझ्या भाचीचा नवरा आहे. फार भला आहे. उगीच आग्रह करतो."

लोक हसले. अध्यक्षबाईंनी मला सांगितलं की एका माणसाला एकदाच नाव सुचवता येतं, तेव्हा कृपया बसा. मी बसलो नाही, पण बाजूला झालो. मावशी खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. ती हॅट मांडीवर बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

तेवढ्यात मागच्या माइकवरून बोटीचा भोंगा वाजला. निदान तसं वाटलं. कप्तान होते. व्यायामशाळेच्या त्या टोकापासून ते माणसं, छत्र्या आणि एक कॉफीचं टेबल बाजूला सारत आले होते.

"मी याच बाईंचं नाव सुचवतो," ते म्हणाले.

"त्यांनी दोनदा नकार दिलाय, सर."

"मला माहीत आहे. मॅडम चेअर, मी एकदा या बाईंच्या दारातून स्वतः केलेला पाय परत घेऊन गेलो, कारण मी एकदाच विचारलं होतं. त्या पायचा एक तुकडासुद्धा मला गोड लागला नाही. यांच्या घरी तीनदा विचारायची पद्धत आहे. आपले दोनदा झालेत. इतकी वर्षं आपल्यासाठी पावसात हिंडली ती. एकदा अजून विचारायला आपलं काय जातं?"

अध्यक्षबाईंनी हातोडा खाली ठेवला, आणि या वेळी घाई न करता, हळू विचारलं.

मावशींनी हॅट उचलली. डोक्यावर ठेवली, पट्टी सरळ केली. आणि माइकमध्ये स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बरं. तुम्ही एवढं म्हणताय तर."

"हे हो आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"याहून मोठं हो तुम्हाला आज ऐकायला मिळणार नाही," कप्तान ओरडले, आणि मग जे झालं त्याला आवाज म्हणायचा की भूकंप, मला सांगता येत नाही. डोनटवाल्या बाईसुद्धा पेटी खाली ठेवून टाळ्या वाजवत होत्या.

मायक्रोवेव्हसमोर घोटलेलं भाषण मावशी बोलल्याच नाहीत. सांडपाणी नाही, शाळा नाही. त्या म्हणाल्या, लहानपणी मी एक अधिवेशन कापडाच्या मागून ऐकलं. टाळ्या कशासाठी होत्या ते मला अजून माहीत नाही. एकदा पुढे बसून बघायचं आहे. एवढंच. आणि बसल्या. पाणी ठेवलं असतं तर कोमटसुद्धा झालं नसतं.

मोजणी झाली. मावशी थोडक्यात हरल्या. पण हरणाऱ्यांत पहिल्या होत्या, म्हणून त्या पर्यायी डेलिगेट झाल्या. पर्यायी म्हणजे अधिवेशनाला जायचं, पण बसायचं वरच्या गॅलरीत. खाली खुर्ची आणि मत नाही. खालचा कुणी आजारी पडला किंवा निघून गेला, तरच. मला वाटलं, मावशींना वाईट वाटेल. परतताना गाडीत त्यांना धीर द्यायला मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "जावईबापू, कुठेतरी थांबवा. एक डोनट घ्या. सकाळपासून उपाशी आहे मी." घेतला. नेहमीप्रमाणे तीनदा विचारून दिला.

राष्ट्रीय अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या घरी टीव्ही बंद म्हणून झाला नाही. काकासुद्धा येऊन बसायचे. विरोधी पक्षाचं एवढं भाषण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. दर वाक्याला कपाळावर आठी, पण डोळे पडद्यावर. कॅमेरा गर्दीवर फिरला की आम्ही सगळे पुढे सरकायचो. एकदा हिरवं काहीतरी चमकलं. "ती बघा," काका उठून उभे राहिले. मुलगी म्हणाली, "आजोबा, दॅट्स अ फ्लॅग." ते उभेच राहिले थोडा वेळ.

मावशी परत आल्या तेव्हा काका आणि मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो. गाडीत बसल्यावर पहिल्यांदा त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडला, मग म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी खाली बसायला मिळालं."

आपल्या राज्यातल्या एका डेलिगेटला घरून फोन आला आणि त्याला जावं लागलं. एक तरुण मुलगा धावत गॅलरीत आला. त्याच्या हातात खाली जायचा पास होता. त्याने मावशींना विचारलं, जाणार का?

"मग?" मी विचारलं.

"हो म्हटलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत."

काका मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले. "लगेच?" ते म्हणाले. "मला दोनदा नाही म्हणालीस तू."

"तुम्ही कुठे पळून जाणार होतात?" मावशी म्हणाल्या. "हा पोरगा पुढच्या खुर्चीकडे वळला होता. तिथे एक जण उठूनसुद्धा उभा होता." मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "लाज वाटली मला. पण आता वेळ कुठे आहे हो, तीनदा विचारून घ्यायला?"

मी विचारलं, खाली बसून कसं वाटलं. त्या म्हणाल्या, खुर्ची चांगली होती, मऊ. भाषण कुणाचं होतं ते आठवत नाही. व्यासपीठाच्या बाजूला एक काळा पडदा होता, तो मधूनच जरा बाजूला व्हायचा, आणि पलीकडे एक मुलगी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन उभी असायची. टाळ्या पडल्या की ती मान वाकडी करून बघायची. "माझं सगळं लक्ष तिच्याकडे," मावशी म्हणाल्या. "शेवटी मी तिला हातानेच खुणा केल्या, काय चाललंय त्याच्या. तिला काय कळलं कुणास ठाऊक. हसली मात्र."

हॅट आता त्यांच्या दिवाणखान्यात खुंटीला आहे. जिने बंद झाले आहेत; चढाची घरं माझ्याकडे आली आहेत, आणि कुत्र्यांची नावं पाठ करायचं काम चालू आहे. मावशी रविवारी आमच्याकडे येतात. परवा मी बेसनाच्या लाडवांची बशी पुढे केली आणि म्हटलं, "मावशी, लाडू?"

"द्या," त्या म्हणाल्या, आणि उचललाही.

मी आपला सवयीने, "घ्या हो," म्हणालो.

"अहो, घेतला की," त्या म्हणाल्या आणि खाऊ लागल्या. मी बशी धरून तसाच उभा होतो. उरलेले दोन आग्रह कुठे ठेवायचे, ते मला कळत नव्हतं.